कंप्युटर पहिलं टाकलं म्हणून सिव्हिल जात नाही

सीईटीचे पर्सेंटाइल हाती आले की वर्ध्याजवळच्या बोरगाव मेघेपासून सिंदी मेघे, नालवाडी, सावंगीपर्यंत घराघरांत एकच सल्ला फिरू लागतो. ऑप्शन फॉर्ममध्ये कंप्युटर पहिलं टाकू नका. मागणी फार आहे, तिथं नंबर लागणार नाही, आणि ते वर टाकल्यामुळे खालचंही हातचं जाईल. त्यापेक्षा सिव्हिल, मेकॅनिकल असं काहीतरी वर घ्या, एकदाचे आत शिरा, दुसऱ्या वर्षी शाखा बदलून मिळते. हा सल्ला शेजारी देतात, क्लासवाले देतात, पैसे घेऊन फॉर्म भरून देणारे देतात आणि आता मार्गदर्शन मेळाव्यांत माइकवरूनही दिला जातो. ऐकताना तो व्यवहारी वाटतो. माझं म्हणणं आहे की तो साफ चुकीचा आहे, आणि त्याची किंमत, ती मोजण्याची ऐपत ज्या घरांना सर्वांत कमी, त्याच घरांतली मुलं मोजतात.

पहिल्या विधानापासून सुरुवात करतो, कारण बाकीचं सगळं त्याच्याच आधारावर उभं आहे. मागणीची शाखा वर टाकली तर खालची संधी कमी होते, हे ते विधान. महाराष्ट्रात अभियांत्रिकीचे प्रवेश राज्य सीईटी कक्षाच्या केंद्रीभूत प्रक्रियेतून, म्हणजे कॅपमधून होतात. मुलाला एक ऑप्शन फॉर्म मिळतो आणि त्यात 300 पर्यंत पर्याय भरता येतात. एक पर्याय म्हणजे एक कॉलेज आणि त्यातली एक शाखा, दोन्ही मिळून एक लांब कोड. कोडाचे सुरुवातीचे आकडे कॉलेजचे असतात.  हे कोड मुलाने आपल्या पसंतीच्या क्रमाने एकाखाली एक लावायचे असतात.

मग जागावाटप होतं. संगणक गुणवत्ता यादीच्या क्रमाने चालतो. ज्याचा क्रमांक वर, त्याची यादी आधी उघडते आणि ती वरून खाली वाचली जाते. पहिल्या ओळीतली जागा शिल्लक असेल तर ती मिळाली. नसेल तर दुसरी ओळ, नाही तर तिसरी. भरलेली जागा वर लिहिली म्हणून दंड होत नाही, गुण कापले जात नाहीत, कोणी रांगेत मागे ढकललं जात नाही. प्रवर्गाच्या जागा, मुलींसाठी राखीव जागा, गृह विद्यापीठाच्या जागा यांचे टप्पे मध्ये येतात, त्यामुळे प्रत्यक्ष हिशेब थोडा गुंतागुंतीचा होतो. पण एक गोष्ट कुठल्याही टप्प्यावर बदलत नाही. एखाद्या जागेवर कोणाचा हक्क हे गुणवत्तेने ठरतं. ती जागा कोणी कितव्या ओळीत लिहिली, यावरून ते ठरत नाही.

उदाहरण घेऊ. एका मुलीचा गुणवत्ता क्रमांक 20,000 आहे आणि तिने एका कॉलेजची सिव्हिल सातव्या ओळीत लिहिली आहे. एका मुलाचा क्रमांक 26,000 आहे आणि त्याने तीच सिव्हिल पहिल्या ओळीत लिहिली आहे. दोघं एकाच प्रवर्गातले आहेत आणि जागा एकच उरली आहे. मुलीच्या वरच्या सहा ओळी भरून गेल्या असतील, तर ती जागा मुलीला मिळते. मुलाने पहिली पसंती दिली होती याची कोणी दखल घेत नाही, कारण कॉलेजला पसंतीचा क्रम दिसतच नाही. तेव्हा त्या मुलीने वरच्या सहा ओळींत कंप्युटर, आयटी, इलेक्ट्रॉनिक्स लिहिलं म्हणून तिचं काय गेलं? काहीही नाही. याउलट तिने घाबरून सिव्हिल पहिल्या ओळीत आणलं असतं, तर संगणकाने तिला सिव्हिल दिलं असतं आणि वरच्या ज्या सहा जागांपैकी एखादी कदाचित लागली असती, तिच्याकडे पाहिलंही नसतं.

एवढी सरळ गोष्ट असताना उलटा समज इतका पक्का का बसला? लोक अडाणी आहेत म्हणून नव्हे. ज्या काळात प्रत्येक कॉलेजचा वेगळा अर्ज, वेगळी फी, वेगळी यादी असायची, त्या काळात कुठे अर्ज टाकायचा हा खरोखरच डाव होता. भलतीकडे पैसे आणि दिवस घालवले तर दुसरीकडची मुदत निघून जायची. आज सल्ला देणाऱ्या पिढीचा अनुभव त्या काळातला आहे. अनुभव खरा होता, फक्त पद्धत बदलली.

आणि पसंती वर टाकल्याने खरंच नुकसान होईल अशा पद्धती जगात होत्या. अमेरिकेतल्या बोस्टन शहरात सरकारी शाळांचे प्रवेश 2005 पर्यंत तसेच होत. प्रत्येक शाळा आधी तिला पहिली पसंती देणाऱ्या मुलांना घेई आणि जागा उरल्या तरच दुसऱ्या पसंतीवाल्यांचा विचार होई. तिथं मागणीची शाळा वर टाकून ती हुकली, तर दुसरीही आधीच भरलेली असे. ज्या पालकांना ही खाच माहीत होती ते आपसात ठरवून याद्या लावत. ज्यांना ती माहीत नव्हती त्यांची मुलं उरलेल्या शाळांत जात. अर्थशास्त्रज्ञांनी हे दाखवून दिल्यावर बोस्टनने पद्धत बदलली आणि डेव्हिड गेल व लॉइड शॅपली यांनी 1962 मध्ये मांडलेल्या रीतीकडे वळलं. या रीतीचा गाभा हा की खरी पसंती खऱ्या क्रमाने लिहिणाऱ्याचं नुकसान होत नाही. शॅपली आणि ॲल्विन रॉथ यांना 2012 मध्ये अर्थशास्त्राचं नोबेल मिळालं ते याच विषयातल्या कामासाठी. आयआयटी आणि एनआयटीच्या जागा 2015 पासून जोसामार्फत एकत्र वाटल्या जातात, त्याही याच घराण्यातल्या रीतीने. आपल्याकडचा सल्लागार बोस्टनच्या जुन्या नियमाने वर्ध्याच्या मुलाची यादी लावतो आहे, आणि बोस्टनने तो नियम कधीच टाकून दिला.

परदेशातल्या नातेवाइकांमुळेही गोंधळ वाढतो. कोणाचा भाचा अमेरिकेत असतो आणि तो सांगतो की अर्जात कोणता विषय लिहिला यावर तिथं प्रवेश ठरतो. काही ठिकाणी ते खरं आहे. अर्बाना-शँपेनच्या इलिनॉय विद्यापीठात संगणकशास्त्राला थेट प्रवेश घ्यावा लागतो आणि तो दुसऱ्या विषयांपेक्षा कितीतरी अवघड आहे. हार्वर्डमध्ये मात्र प्रवेश कॉलेजला मिळतो आणि मुख्य विषय दुसऱ्या वर्षात ठरवायचा असतो. पण या दोन्ही ठिकाणी अर्ज माणसं वाचतात, निबंध वाचतात, आधी काय केलं ते पाहतात. आपल्याकडे गुणवत्ता क्रमांक आणि यादी यांच्यापलीकडे काही वाचलंच जात नाही. भाच्याचा सल्ला त्याच्या जागी ठेवावा. तो इथल्या फॉर्मला लागू नाही.

आता या सल्ल्याने काय होतं ते सांगतो. बोरगावातलीच एक मुलगी, वडील एमआयडीसीत कामाला. फॉर्म भरून झाल्यावर ती प्रिंट घेऊन माझ्याकडे आली होती. पहिल्या ओळीत सिव्हिल, दुसऱ्या ओळीत सिव्हिल, तिसऱ्या ओळीत मेकॅनिकल. आयटी अकराव्या ओळीत. पहिल्या तिन्ही ओळींसमोर निळ्या पेनने ‘सेफ’ असं लिहिलेलं. हे अक्षर तिचं नव्हतं. मी विचारलं, तुला काय शिकायचं आहे? तिने क्षणभरही न थांबता आयटी म्हटलं आणि मग विचारलं, “सर, पन आयटी वर टाकलं तं सिव्हिल कटते ना?” तोवर मुदत संपली होती. पहिल्या फेरीत तिला पहिला पर्याय लागला. पहिला पर्याय लागला की तो गोठतो, यालाच मुलं ऑटो फ्रीझ म्हणतात. तो घ्या, नाही तर पुढच्या फेऱ्यांतून बाहेर. त्याच कॉलेजात तिच्या प्रवर्गातून आयटीची शेवटची जागा ज्या क्रमांकावर गेली, तो तिच्या क्रमांकाच्या पुष्कळ खाली होता. म्हणजे तिने आयटी पहिल्या ओळीत लिहिलं असतं तर ती आज आयटीत असती. तिची संधी मागणीने खाल्ली नाही, गुणांनी खाल्ली नाही. ती त्या निळ्या पेनाने गेली.

यावर सल्ला देणाऱ्यांचा एक मुद्दा खरोखर वजनदार आहे आणि तो टाळून पुढे जाणं मला पटत नाही. 2025-26 पासून कॅपच्या चार फेऱ्या झाल्या आणि गोठण्याचा नियम कडक झाला. पहिल्या फेरीत पहिला पर्याय लागला तर तो बंधनकारक. दुसऱ्या फेरीत पहिल्या तीनपैकी काहीही लागलं तर बंधनकारक. तिसऱ्या फेरीत पहिल्या सहापैकी. चौथ्या फेरीत जे लागेल ते अंतिम. ते म्हणतात, बघा, आता क्रमाला महत्त्व आलं की नाही? आलं, मान्य. दुसऱ्या फेरीत तिसऱ्या ओळीतली जागा मिळाली, तर तिसऱ्या फेरीत पहिल्या ओळीतली जागा मोकळी झाली तरी ती त्या मुलाला मिळणार नाही.

पण यातून निष्कर्ष कोणता निघतो? वर ‘सेफ’ टाका, हा नक्कीच नाही. नेमका उलटा निघतो. वरच्या ओळीच मुलाला बांधून टाकतात, म्हणून तिथं मनापासून हव्या असलेल्या जागाच बसल्या पाहिजेत. हातचं म्हणून ठेवलेलं सिव्हिल दुसऱ्या फेरीत चौथ्या ओळीच्या वर येता कामा नये आणि तिसऱ्या फेरीत सातवीच्या वर. प्रत्येक फेरीआधी यादी नव्याने लावता येते. खालच्या ओळीतलं काही लागलं तर ते स्वीकारून जागा हातात ठेवता येते आणि बेटरमेंटसाठी पुढच्या फेरीत जाता येतं. वरचं मिळालं तरच आधीचं सुटतं. म्हणजे सुरक्षितता खालच्या ओळींत आहे, तिच्यासाठी वरची ओळ खर्च करायची गरज नाही. एक प्रश्न प्रत्येक घराने प्रत्येक वरच्या ओळीला विचारावा: उद्या हीच जागा कायमची लागली तर मुलगी आनंदाने जाईल का? उत्तर नाही असेल तर ती ओळ खाली सरकवा. हे करायला कोणाच्या मेळाव्याची तिकिटं लागत नाहीत.

आणि हेही स्पष्ट म्हणतो की तीन आणि सहाचा हा नियम मला अन्यायाचा वाटतो. मुलांनी जागा अडवून ठेवू नयेत, फेऱ्या लवकर संपाव्यात, वर्ग वेळेवर भरावेत, ही प्रशासनाची अडचण खरी आहे. पण ज्या पद्धतीचं मोठं बळ हेच होतं की मुलाने मनातला क्रम जसाच्या तसा लिहावा आणि निश्चिंत असावं, तिच्यात या नियमाने पुन्हा अंदाजाला जागा करून दिली. अंदाज बांधण्यात पुण्या-नागपूरच्या क्लासवाल्या घरातला मुलगा पुढे राहतो, बोरगावचा मागे पडतो. बोस्टनमध्ये हेच झालं होतं. पहिल्या पर्यायापुरतं बंधन ठेवून बाकी मोकळं सोडावं, ही मागणी वर्ध्यातल्या कॉलेजांनी आणि पालकांनी सीईटी कक्षाकडे करायला हवी.

दुसरं विधान: आत शिरा, मग शाखा बदला. शाखा बदलता येते, पण कशी ते कोणी सांगत नाही. दुसऱ्या वर्षाच्या सुरुवातीला त्या शाखेत जागा रिकामी असली पाहिजे, आणि ती पहिल्या वर्षाच्या गुणवत्तेनुसार मिळते. ज्या शाखेला मागणी सर्वांत जास्त, तिथं जागा रिकाम्या राहण्याची शक्यता सर्वांत कमी. आणि ज्या मुलाला सिव्हिल नको होतं, तो पहिल्या वर्षी सगळ्या वर्गाच्या वर गुण मिळवील, या भरवशावर ही योजना उभी आहे. थोड्यांना ते जमतं. बाकीचे चार वर्षं नको असलेल्या शाखेत काढतात. आता मायनर विषयाची सोय आहे, मेकॅनिकलचा मुलगा सोबत दुसऱ्या शाखेचे विषय घेऊ शकतो, आणि ती सोय चांगलीच आहे. पण ज्याला मुळात मेकॅनिकल हवं त्याच्यासाठी ती भर आहे. ज्याला नको त्याच्यासाठी ती मागचं दार होत नाही.

तिसरं विधान उघड बोललं जात नाही, पण या सगळ्या सल्ल्याखाली ते दडलेलं असतं. सिव्हिल, मेकॅनिकल, इलेक्ट्रिकल म्हणजे उरलेल्यांची शाखा. मला याचाच सर्वांत जास्त राग येतो. ज्या वर्ध्यात ऑक्टोबर 1937 मध्ये शिक्षण परिषद भरली आणि हाताच्या कामातून शिक्षण देणाऱ्या नई तालीमची मांडणी झाली, तिथं हाताने काही उभारायला शिकवणाऱ्या विद्येला आपण दुय्यम म्हणायचं? आपल्या जिल्ह्यातून समृद्धी महामार्ग गेला. वर्धा-यवतमाळ-नांदेड रेल्वेमार्गाचं काम चालू आहे आणि वर्धा ते कळंब हा त्यातला टप्पा फेब्रुवारी 2024 मध्ये सुरू झाला. हे पूल, हे भराव, ही गटारं, या पाण्याच्या टाक्या कोणीतरी नीट शिकून बांधायच्या आहेत. ज्या मुलाला ते काम आवडतं त्याने सिव्हिल पहिल्या ओळीत लिहावं, कंप्युटरला भरपूर गुण असले तरी लिहावं. सेवाग्रामला 1983 पासून अभियांत्रिकी कॉलेज आहे, पिपरीला शिक्षा मंडळाची बजाज इन्स्टिट्यूट 2017 पासून आहे. घरून सायकलने किंवा बसने जाऊन या शाखा शिकता येतात, ही या भागातल्या मुलांच्या पदरात पडलेली मोठी गोष्ट आहे. तिला ‘सेफ’ म्हणून हिणवू नये.

मनापासून निवडलेल्या गोष्टीची तयारी करायला लावणारी एक रीत आपल्याच शेजारी होती. वैद्यकीय प्रवेशासाठी नीट परीक्षा येण्यापूर्वी सेवाग्रामच्या महात्मा गांधी आयुर्विज्ञान संस्थेची स्वतंत्र प्रवेश परीक्षा असे आणि तिच्यात गांधीविचारांची वेगळी प्रश्नपत्रिका असे. तिथं यायचं तर तिथलं काय आहे ते वाचून या, असा त्याचा अर्थ होता. आजच्या फॉर्ममध्ये असा प्रश्न नाही. म्हणून तो प्रश्न घरी विचारायला हवा, आणि तो विचारायच्या वेळीच आपण मुलाला शेजाऱ्याचा आडाखा हातात देतो.

आता मागणीच्या भीतीबद्दल. वर टाकू नका म्हणणारे दोन-तीन वर्षांपूर्वीचे कटऑफ तोंडपाठ सांगतात. पण एआयसीटीईने 2024-25 पासून चांगली कामगिरी असलेल्या कॉलेजांना एका शाखेत किती जागा असाव्यात याची वरची मर्यादा काढून टाकली. त्यानंतर अनेक कॉलेजांनी कंप्युटर आणि त्याच्या जवळच्या शाखांच्या जागा वाढवल्या. जागा वाढल्या की शेवटचा क्रमांक खाली सरकतो. जुन्या कटऑफवरून ‘नाहीच लागणार’ असं छातीठोक सांगणं म्हणजे दुसऱ्याच्या मुलाचं वर्ष पणाला लावणं आहे. मागच्या वर्षीच्या प्रत्येक फेरीचे कटऑफ सीईटी कक्षाच्या संकेतस्थळावर फुकट मिळतात. त्यात खुल्या प्रवर्गाच्या जागांपुढे जी अक्षरं असतात, जीओपीईएनएच, जीओपीईएनओ, जीओपीईएनएस, त्यातलं शेवटचं अक्षर गृह विद्यापीठ, बाहेरचं विद्यापीठ की राज्यस्तर ते सांगतं. एलने सुरू होणाऱ्या ओळी मुलींच्या. बोरगावच्या मुलीने पुण्याच्या कॉलेजची एचवाली ओळ वाचून घाबरण्याचं कारण नाही, ती ओळ तिची नाहीच. शुल्कमाफीच्या म्हणजे टीएफडब्ल्यूएसच्या जागेचा कोड वेगळा असतो आणि त्याच्या शेवटी टी असतं. तो स्वतंत्र पर्याय म्हणून लिहावा लागतो. हे वाचायला एक संध्याकाळ लागते. दहावी झालेला भाऊही ते शिकू शकतो.

हा समज आता दहावीपासूनच बसू लागला आहे. 2025-26 पासून अकरावीचे ऑनलाइन प्रवेश सगळ्या राज्यात लागू झाले आणि वर्ध्याच्या घरांनी पसंतीक्रम पहिल्यांदा अकरावीलाच पाहिला. दहा कॉलेजं, पहिलं लागलं तर घेणं बंधनकारक. तिथंही हाच सल्ला फिरला: विज्ञान वर टाकू नको, कला टाक, नक्की लागते. ज्या मुलीला कला शाखेत इतिहास शिकायचा आहे तिने कलाच टाकावी. पण विज्ञान हवं असताना भीतीने कला टाकणारी मुलगी दोन वर्षांनी अभियांत्रिकीला जाऊच शकत नाही. नव्या शैक्षणिक धोरणानंतर बी.ए., बी.एस्सी.लाही मेजर आणि मायनर आले आहेत. तिथंही ‘गर्दी नसलेला मेजर’ शोधून देणारे तयार झाले आहेत.

शेवटी पैशांबद्दल, कारण हा सल्ला तिथंच जाऊन पोचतो. वरचं टाकू दिलं नाही, नको ते लागलं, मुलगी रडली की तोच सल्लागार संस्था पातळीवरची किंवा व्यवस्थापन कोट्यातली जागा सुचवतो. कंप्युटर हवं ना, मग ही जागा बघा. जुलै 2024 मध्ये राज्य सरकारने आर्थिकदृष्ट्या दुर्बल, एसईबीसी आणि ओबीसी घटकांतल्या, आठ लाखांपर्यंत उत्पन्न असलेल्या घरांतल्या मुलींचं व्यावसायिक शिक्षणाचं शिक्षण शुल्क आणि परीक्षा शुल्क पूर्ण माफ केलं. ही सवलत केंद्रीभूत प्रक्रियेतून मिळालेल्या प्रवेशाला आहे. व्यवस्थापन कोट्यातल्या आणि संस्था पातळीवरच्या प्रवेशाला ती नाही. म्हणजे जी मुलगी खऱ्या क्रमाने फॉर्म भरून कॅपमधून आयटीला जाऊ शकत होती, तिचे वडील त्याच आयटीसाठी चार वर्षं पूर्ण फी भरतात. ग्रामपंचायतीने, शाळा-कॉलेजांनी फॉर्मच्या मुदतीत चार संध्याकाळी संगणक आणि दोन जाणते शिक्षक मुलांसाठी मोकळे ठेवावेत. आणि मार्गदर्शन करणाऱ्या प्रत्येकाने पर्यायांचा क्रम सांगण्याआधी पालकाला ही सवलत कुठे लागू आहे आणि कुठे नाही ते लेखी द्यावं.